वळण लावणारी गोळी

लेआंद्रो पानिझ्झोन हा बाझल येथील सिबा कंपनीतला रसायनशास्त्रज्ञ. १९४४ मध्ये त्याने मिथिलफेनिडेट हे रसायन प्रथम तयार केले. त्याच्या बायकोचे नाव मार्गेरीट, घरात हाक मारायचे नाव रीटा. तिचा रक्तदाब कमी असे. टेनिस खेळायला जाण्यापूर्वी ती हे औषध घेई आणि त्याने खेळ सुधारतो असे सांगे. तिच्या नावावरून औषधाला ‘रिटालिन’ हे नाव मिळाले. औषधांच्या इतिहासात ही हकीकत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातला विरोधाभास आता कुणाच्या लक्षात येत नाही. एका बाईने रॅकेट नीट फिरावी म्हणून घेतलेले औषध पुढे जगभर गाजले ते मुलांना वर्गात बसते करणारे औषध म्हणून. त्या मुलांच्या हाताचे या औषधाने काय होते, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ संशोधनाच्या कडेलाच राहिला.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता, म्हणजे ज्याला आता सरसकट ‘एडीएचडी’ म्हणतात, ते निदान झालेल्या मुलांपैकी पुष्कळ मुले हाताने-पायाने धांदरट असतात. पेला सांडतो, बटण चुकीच्या काजात जाते, चेंडू हातात येऊन निसटतो, अक्षर ओळीवर राहत नाही. वैद्यकीय भाषेत यांना कारक कौशल्ये म्हणतात. उत्तेजक औषधाने ती सुधारतात का? या प्रश्नावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरेच शोधनिबंध आले. मी ते वैद्य म्हणून वाचलेले नाहीत, वाचक म्हणून वाचले आहेत. शोधनिबंधही एक लेखनप्रकारच आहे. त्यात काय मोजले, काय मोजायचे राहिले आणि ‘सुधारणा’ या शब्दाचा कर्ता कोण, हे पाहणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे नाही.

मराठीत एक सोय आहे. अक्षराला ‘वळण’ असते आणि मुलालाही ‘वळण’ लावतात. दोन्हीसाठी शब्द एकच. गोळीने मुलाला वळण लागते याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो दुसऱ्या वळणाविषयी.

*

या विकाराचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक फ्रँकफुर्टच्या हाइनरिश हॉफमान या डॉक्टरापासून सुरुवात करतात. १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी त्याने स्वतःच्या हाताने चित्रांचे पुस्तक केले. पुढच्या वर्षी ते छापले गेले आणि ‘श्ट्रुव्वेलपेटर’ या नावाने जर्मन घराघरांत गेले. नंतरच्या आवृत्त्यांत गोष्टींची भर पडली. त्यातला चुळबुळ्या फिलिप जेवणाच्या टेबलाशी खुर्ची डोलवत बसतो, तोल जातो, आधारासाठी टेबलक्लॉथ धरतो आणि सगळे जेवण अंगावर घेऊन आडवा होतो. डॉक्टर मंडळी या मुलाला एडीएचडीचा पहिला रुग्ण म्हणून सादर करतात.

बालगीतातल्या पात्राचे निदान करणे हा वाचनाचा वाईट प्रकार आहे, असे माझे मत आहे. पण करायचेच असेल तर पूर्ण करावे. फिलिपची चूक चुळबुळ करण्याची, हे खरे. पण अनर्थ होतो तो तोल सावरता न आल्यामुळे. त्याच पुस्तकात आभाळाकडे बघत चालणारा हान्स आहे. तो कुत्र्याला अडखळतो आणि शेवटी थेट नदीत पडतो. हॉफमानला लक्ष आणि तोल ही दोन वेगळी प्रकरणे वाटली नव्हती. ती वेगळी झाली ती नंतरच्या काळात, आणि कशी झाली ते पाहण्यासारखे आहे.

चार्ल्स ब्रॅडली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे मुलांच्या एका रुग्णालयाचा प्रमुख होता. एमा पेंडलटन ब्रॅडली होम हे त्याचे नाव. मेंदूज्वराने अपंग झालेल्या एका मुलीच्या स्मरणार्थ तिच्या वडिलांनी ठेवलेल्या संपत्तीतून ते १९३१ मध्ये सुरू झाले होते, आणि चार्ल्स त्यांच्याच नात्यातला. मेंदूचे चित्र घेण्याची तेव्हाची पद्धत भयंकर होती. पाठीच्या कण्यातून द्रव काढून त्या जागी हवा भरायची आणि मग क्ष-किरण चित्र घ्यायचे. त्यानंतर मुलांचे डोके असह्य दुखे. शरीरात तो द्रव लवकर पुन्हा तयार व्हावा म्हणून ब्रॅडलीने बेंझेड्रिन, म्हणजे अॅम्फेटामाइन, देऊन पाहिले. डोकेदुखी काही गेली नाही, पण काही मुले शाळेत एकाएकी नीट अभ्यास करू लागली. मग त्याने ५ ते १४ वयाच्या ३० मुलांना आठवडाभर औषध दिले आणि १९३७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १४ मुलांच्या शालेय कामात विलक्षण बदल झाला. मुलांनीच गोळीला ‘गणिताची गोळी’ म्हणायला सुरुवात केली होती.

ब्रॅडलीचा हा निबंध आजही वाचनीय आहे. लेखकाला स्वतःलाच आश्चर्य वाटलेले त्यात दिसते, आणि ते त्याने लपवलेले नाही. उत्तेजक औषधाने निम्मी मुले शांत होतात, हा विरोधाभास त्याने तसाच वाचकासमोर ठेवला. पुढच्यांनी त्या विरोधाभासाचा पुरावा करून टाकला. ज्या मुलाला उत्तेजक औषधाने शांत वाटते त्याला विकार आहे, हे तर्कट त्यातून निघाले आणि बरीच वर्षे चालले. १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी कोणताही विकार नसलेल्या मुलग्यांना अॅम्फेटामाइनचा एक डोस दिला. त्यांचीही हालचाल कमी झाली आणि लक्ष सुधारले. म्हणजे गोळीने फरक पडला यावरून निदान सिद्ध होत नाही. आजही पालकांच्या तोंडी ‘गोळीने फरक पडला, म्हणजे होतंच त्याला’ हे वाक्य असते, म्हणून एवढे लिहिले.

*

आता नावांकडे वळू, कारण नाव बदलले की काय मोजायचे तेही बदलते.

१९५७ मध्ये ब्रॅडली होममधल्याच मॉरिस लॉफर आणि एरिक डेनहॉफ यांनी विकाराला ‘हायपरकायनेटिक’ हे विशेषण लावले. कायनेटिक म्हणजे हालचालीचे. १९६०च्या दशकात ‘मिनिमल ब्रेन डिसफंक्शन’, म्हणजे मेंदूतील किंचित बिघाड, हे नाव चालू होते. १९६६ मध्ये सॅम क्लेमेंट्स यांनी अमेरिकन सरकारसाठी या विषयावर एक अहवाल तयार केला आणि साहित्यात सर्वाधिक वेळा उल्लेखिलेल्या दहा लक्षणांची यादी दिली. ती यादी मी मुद्दाम पुन्हा पाहिली. पहिल्या क्रमांकावर अतिचंचलता. दुसऱ्यावर दृष्टी आणि हालचाल यांचा मेळ न बसणे. चौथ्यावर एकूण अंगसमन्वयाची उणीव. अवधान पाचव्या क्रमांकावर आहे.

पंधरा वर्षांत हा क्रम उलटा झाला. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ मध्ये असे मांडले की या मुलांची मूळ अडचण चंचलता ही नसून लक्ष टिकवणे आणि आवेग आवरणे ही आहे. मांडणी भक्कम होती, प्रयोगांवर उभी होती. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीने विकाराचे नावच ‘अवधान-न्यूनता विकार’ असे केले. चंचलता असो वा नसो, असा पोटभेद पुढे जोडला. १९८७ मध्ये चंचलता नावात परत आली. हात परत आला नाही. त्याची रवानगी ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ या वेगळ्या प्रकरणात झाली. दोन्ही निदाने एकाच मुलात फार वेळा सापडतात, निम्म्यापर्यंत, असे संशोधकच सांगतात. पण प्रकरणे वेगळी म्हणून तज्ज्ञ वेगळे आणि प्रश्नावल्याही वेगळ्या.

आज वापरात असलेल्या निदानाच्या अठरा लक्षणांचे जरा बारकाईने वाचन करावे. शरीर तिथे आहे. नाही असे नाही. मूल हातपाय हलवते, जागा सोडते, धावते, चढते, यंत्र बसवल्यासारखे सतत चालू असते. म्हणजे शरीर येते ते जास्तपणाच्या रूपात, दुसऱ्याला होणाऱ्या उपद्रवाच्या रूपात. ज्याला नाडी बांधता येत नाही, ज्याला संघात कुणी घेत नाही कारण त्याच्याकडून झेल सुटतो, त्या शरीराचे अठरापैकी एकही वाक्य नाही. ही यादी शिक्षकाच्या खुर्चीवरून लिहिलेली आहे. यात कुणाचा कट नाही. मुलाला डॉक्टरकडे पाठवतो तो शिक्षक, आणि ज्याची तक्रार त्याची भाषा.

हात आणि लक्ष एकत्र ठेवण्याचा हट्ट एका माणसाने धरला तो स्वीडनमध्ये. योतेबोर्ग शहरातील क्रिस्तोफर यिलबेर्ग यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या सहा-सात वर्षांच्या मुलांची पाहणी सुरू केली आणि अवधान, हालचालींवरील ताबा व आकलन या तिन्हींत उणी असलेली मुले ‘डँप’ या आद्याक्षरी नावाखाली एकत्र केली. पुढे याच अभ्यासातली मुले २२ वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा तपासले गेले. २००० साली पेडर रासमुसेन आणि यिलबेर्ग यांनी लिहिले की लक्ष आणि समन्वय दोन्हींची अडचण असलेल्यांपैकी ५८ टक्क्यांची स्थिती वाईट होती. तुलनेच्या गटात हे प्रमाण १३ टक्के होते. या मुलांपैकी कुणालाही उत्तेजक औषध मिळालेले नव्हते. स्वीडनने १९६८ मध्येच ही औषधे खुल्या बाजारातून काढली होती. त्यामुळे औषधाशिवाय पुढे काय होते, याचा हा दुर्मीळ दाखला म्हणून जगभर उद्धृत होतो.

तो उद्धृत करताना पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. लुंड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ एवा शेर्फवे यांनी ‘डँप’ या संकल्पनेवर पुस्तक लिहून कडाडून टीका केली आणि मूळ कागदपत्रे पाहण्याची मागणी केली. न्यायालयाने ती दाखवण्याचा आदेश दिला. कुटुंबांना दिलेला गुप्ततेचा शब्द मोडता येणार नाही, असे यिलबेर्ग यांचे म्हणणे. २००४ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सगळे कागद नष्ट केले. आदेश न पाळल्याबद्दल यिलबेर्ग यांना २००५ मध्ये दोषी ठरवण्यात आले आणि २०१२ मध्ये स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयानेही त्यांचे म्हणणे फेटाळले. मला दोन्ही बाजू कळतात. पण आज ५८ हा आकडा लिहिणाऱ्याने हेही लिहायला हवे की तो पुन्हा तपासून पाहण्याचा मार्ग आता उरलेला नाही. हात आणि लक्ष यांचा संबंध सांगणारा एक महत्त्वाचा पुरावा अशा रीतीने आपल्याला विश्वासावर घ्यावा लागतो.

*

आता औषध आणि हात यांच्याविषयी थेट बोलणारे संशोधन. इथे पुन्हा मॉन्ट्रियल येते. मारी ब्रोसार-रासीन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नुकतेच निदान झालेल्या ४९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषध सुरू होण्यापूर्वी जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांत कारक अडचणी होत्या. औषध सुरू होऊन तीन महिने झाल्यावरही निम्म्याहून अधिक मुलांत त्या होत्याच. या निकालाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते आणि तसे पाहिले गेलेही आहे. औषधाच्या बाजूचे म्हणतात, काहींची अडचण दूर झाली. मला वाटते निबंधातला वजनदार भाग दुसरा आहे: बहुसंख्यांची राहिली.

अशा अभ्यासांत वापरतात ती चाचणी बहुधा ‘मूव्हमेंट एबीसी’. तिचे तीन भाग आहेत. हाताची सफाई: खुंट्या भोकांत बसवणे, दोरा ओवणे, दोन रेषांच्या मधून पेन्सिल नेणे. मग नेम आणि झेल: छोटी पिशवी किंवा चेंडू टाकणे, पकडणे. मग तोल: एका पायावर उभे राहणे, रेषेवरून चालणे, उड्या. चाचणी चांगली आहे. पण एका पायावर वीस-तीस सेकंद उभे राहायचे तर तोल लागतो तसेच लक्षही लागते. परीक्षक कृती करून दाखवत असताना जे मूल खिडकीबाहेर बघत होते, त्याला कृती येत नाही की ती त्याने पाहिलीच नाही? आकड्यावरून हे कळत नाही. औषधाने गुण वाढले तर हात सुधारला असे म्हणायचे, की हात होता तसाच आहे पण आता तो कामावर हजर आहे, असे?

शिवाय मॉन्ट्रियलच्या अभ्यासात बिनऔषधाच्या गोळीचा तुलनागट नव्हता. दुसऱ्यांदा दिलेली चाचणी पहिल्यापेक्षा सोपी जाते आणि तीन महिन्यांत मूल वाढतेही. ही उणीव इस्रायलमधील ओरित बार्ट आणि सहकाऱ्यांनी भरून काढली. दोन्ही निदाने असलेल्या मुलांना त्यांनी कधी मिथिलफेनिडेट तर कधी नुसती साधी गोळी दिली आणि कोणती दिली हे मुलांना वा तपासणाऱ्यांना कळू दिले नाही. औषधावर असताना मुलांची चाचणीतली कामगिरी सरासरीने सुधारली. म्हणजे परिणाम खरा आहे, भास नाही. मात्र ‘सरासरीने’ या शब्दामागे काही मुले पुष्कळ सुधारलेली असतात आणि काही मुळीच नाही, हे विसरू नये.

मेंदूच्या बाजूने पाहता यात नवल वाटू नये. मिथिलफेनिडेट डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन यांना पेशीत परत खेचून घेणाऱ्या दारांवर बसते. नोरा व्होल्कोव्ह यांच्या चित्रणांत दिसले की नेहमीच्या डोसने डोपामिनची निम्म्याहून अधिक दारे अडतात. मेंदूच्या ज्या खोल भागात हे प्रामुख्याने घडते तो भाग उत्साहाचा आहे तसा हालचालीचाही. पार्किन्सनच्या रोग्याचे अक्षर बारीक होत जाते ते तिथलेच डोपामिन आटल्यामुळे.

पण चाचणीच्या वेळेचा एक मुद्दा कुणी फारसा मांडत नाही. साध्या मिथिलफेनिडेटचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. प्रयोगात मुलाला गोळी देऊन, ती चढल्यावर तपासतात. सकाळी आठला घेतलेली गोळी दुपारी उतरते. क्रिकेट, सायकल, गृहपाठाची वही आणि जेवताना सांडणारी आमटी ही सगळी संध्याकाळची प्रकरणे आहेत. लांबणीच्या गोळ्या आल्याने हे अंतर कमी झाले आहे, संपलेले नाही.

*

या सगळ्या साहित्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारा निबंध मात्र हस्ताक्षरावरचा आहे. जर्मनीतील रेगेन्सबुर्गचे ऑलिव्हर टुखा आणि क्लाउस लांगे यांनी तो २००१ मध्ये लिहिला.

त्यांनी मुलांना विजेच्या पाटीवर लिहायला लावले. अशी पाटी पेनाचे टोक क्षणोक्षणी कुठे आहे ते टिपते. त्यामुळे कागदावर उमटलेले अक्षर आणि ते उमटवणारी हालचाल ही दोन वेगवेगळी पाहता येतात. सराईत हात एक दंड ओढतो तेव्हा वेग एकदा चढतो आणि एकदा उतरतो. आलेख टेकडीसारखा गुळगुळीत येतो. नवशिक्याचा हात त्याच दंडात अनेकदा थबकतो, पुन्हा वेग घेतो. आलेख करवतीसारखा दिसतो.

निकाल असा आला: औषधावर असताना मुलग्यांचे अक्षर अधिक सुवाच्य झाले आणि हालचाल अधिक अडखळती झाली. कागद सुधारला, हात बिघडला.

लेखकद्वयाचे स्पष्टीकरण मला पटते. लिहिणे हे सवयीने, आपोआप चालणारे काम आहे. आपण अक्षराचा विचार करतो, बोटांचा करत नाही. औषधाने मुलाचे लक्ष वाढले आणि ते लक्ष त्याने जिथे नेऊ नये तिथे, म्हणजे पेनाच्या टोकाशी, नेऊन ठेवले. पायऱ्या उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करू लागलात तर पाऊल चुकते, तसाच हा प्रकार. नंतरच्या प्रयोगात त्यांनी हे ताडूनही पाहिले. औषध घेतलेल्या त्याच मुलांना डोळे मिटून किंवा नेहमीपेक्षा भराभर लिहायला सांगितले, तेव्हा हालचाल पुन्हा ओघवती झाली. म्हणजे ओघ हातात होता. पहारा बसल्याने तो अडला होता.

नेदरलँड्समधील बौद्वीन फ्लापर आणि सहकाऱ्यांनीही २००६ मध्ये दोन्ही निदाने असलेल्या थोड्या मुलांवर औषध आणि सूक्ष्म कारक कौशल्ये यांचा अभ्यास केला. तिथेही अक्षराचा दर्जा वाढला. हे अभ्यास लहान आहेत. दहा-वीस मुलांवरून कायदा करता येत नाही. तरी प्रश्न असा उभा राहतो की शिक्षक वही पाहतो, आलेख पाहत नाही. वहीवर ‘छान, अक्षर सुधारले’ असा शेरा येतो. मुलाच्या बाजूने त्या सुधारणेची किंमत किती? करवतीसारख्या हालचालीने पानभर लिहिणे दमवणारे असते. हात दुखतो म्हणून तिसऱ्या ओळीला पेन ठेवणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो. इथे तर तो औषध घेऊन, लक्ष देऊन, सुंदर लिहून दमलेला आहे.

आपल्याकडे हस्ताक्षराचा आदर्श फार जुना आणि फार कडक आहे. दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास पूर्णपणे लेखनक्रियेवर आहे. शाई, बोरू, समास, ओळींमधले अंतर, सगळ्याचे नियम त्यात येतात, आणि अपेक्षा अशी की ग्रंथाचे पहिले आणि शेवटचे अक्षर एका हाताचे, एका लेखणीचे वाटावे. पोथी नकलून ठेवण्याच्या काळात ते रास्तच होते. पण तो समास लक्षपूर्वक वाचला तर त्यात एक गोष्ट दिसते जी आपल्या शाळांतून गळून गेली. तिथे सराव, साधने आणि वेळ यांचा विचार फळाच्या आधी येतो. रेगेन्सबुर्गचे प्रयोग जर्मन मुलांवर, रोमन जोडलिपीत झाले. देवनागरीत शब्दागणिक हात किती वेळा उचलावा लागतो पाहा: काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, शेवटी शिरोरेषा. रोमन जोडलिपीतला ओघ देवनागरीत मुळातच तुटक आहे. अशा लिपीत पहारा देणारे लक्ष हाताशी कसे वागते, हे आपल्याच कुणी पाटीवर मोजून पाहायला हवे. काम अवघड नाही, खर्चिकही नाही.

*

या साहित्यावरचा माझा मुख्य आक्षेप औषधाविरुद्ध नाही. औषधाच्या नावाने दचकणाऱ्यांशी माझे जमत नाही. उत्तेजक औषधांनी लक्षणे कमी होतात याचा पुरावा बालमानसोपचारातल्या सर्वांत भक्कम पुराव्यांपैकी आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७९ मुलांच्या अमेरिकन चाचणीत चौदा महिन्यांच्या शेवटी काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने मुख्य लक्षणांवर वर्तनोपचारापेक्षा सरस काम केले. भारतात मिथिलफेनिडेट अनुसूची ‘एक्स’ मध्ये आहे. दुकानदाराला डॉक्टरच्या चिठ्ठीची प्रत जपून ठेवावी लागते आणि ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. गरजू मुलाच्या पालकांना त्यासाठी चार दुकाने फिरावी लागतात, हेही एका बाजूला आहेच.

आक्षेप असा आहे की हे निबंध ‘औषधाने कारक कौशल्ये सुधारतात का’ असे विचारतात तेव्हा त्यात तीन प्रश्न मिसळलेले असतात. चाचणीत गुण वाढतात का? वाढतात, पुष्कळांचे. दिसणारे काम, उदाहरणार्थ अक्षर, सुधारते का? बऱ्याचदा. हालचाल सुटसुटीत, आपोआप होते का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर, जिथे मोजले तिथे, उलटे आले आहे. निबंधांच्या शेवटच्या परिच्छेदात मात्र तिन्हींचे मिळून एक ‘सुधारणा’ होते आणि तेवढेच वाक्य पुढे जाते.

गोळी कौशल्य देत नाही, कौशल्य शिकण्याच्या जागी मुलाला थांबवून ठेवते. अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सची वैद्यकीय कागदपत्रे २०१६ मध्ये चोरून उघड केली गेली, तेव्हा तिने आपल्याला एडीएचडी आहे आणि लहानपणापासून औषध घेत आहे असे जाहीरपणे सांगितले. तिच्या कोलांट्या गोळीने मारल्या असे कुणी शहाणा म्हणणार नाही. तिच्यामागे हजारो तासांचा सराव होता. आपल्या वर्गातल्या धांदरट मुलामागे तो नसतो. आणि इथेच गोळीचा एक अनपेक्षित तोटा होतो. गोळीपूर्वी ते मूल सगळ्यांच्या डोळ्यांवर येत असे. गोळीनंतर ते शांत बसते, तक्रार थांबते, चिठ्ठी चालू राहते. हात अजून निम्म्याहून अधिक जणांचा तसाच असतो, पण आता तो कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. फार तर दहावीच्या तोंडावर अध्ययन-अक्षमतेचा दाखला काढून वाढीव वेळ किंवा लेखनिक मागितला जातो. ती सवलत न्याय्य आहे, पण ती वयाच्या पंधराव्या वर्षी येते. हात सातव्या वर्षापासून अडलेला असतो.

हाताचे उपचार आहेत, आणि ते गोळीसारखे गूढ नाहीत. कॅनडात हेलेन पोलाताइको यांनी व्यवसायोपचारासाठी विकसित केलेल्या ‘को-ऑप’ पद्धतीत काय शिकायचे ते मूल स्वतः निवडते. मग ध्येय ठरव, योजना कर, करून बघ, तपास, या चार टप्प्यांनी ते काम शिकते. समन्वय-विकारावरच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: नुसता ‘स्नायू बळकट करण्याचा’ व्यायाम नको, जे काम यायला हवे त्याचाच सराव द्या. या पद्धतीतही लक्ष आहे, पण ते बोटांवर पहारा देणारे नाही, योजनेवरचे आहे. टुखा-लांगे यांचा निष्कर्ष आणि ही पद्धत एकमेकांशेजारी ठेवून वाचली तर दोन्ही अधिक स्पष्ट होतात. मी वाचलेल्या निबंधांत मात्र औषध देणारे एकीकडे आणि सराव देणारे दुसरीकडे अशी विभागणी दिसते. गोळी चढलेल्या तासात सराव दिला तर तो अधिक मुरतो का, आणि गोळी उतरल्यावरही टिकतो का, हा प्रश्न दोघांच्या मधल्या जागेत पडून आहे.

तोवर दर तीन महिन्यांनी चिठ्ठी नवी करून घ्यायला आलेल्या मुलाला अठरा लक्षणांच्या फॉर्मखाली हाताने आणखी दोन ओळी लिहून विचारता येतील: शर्टाची बटणे स्वतः लावतोस का, आणि पानभर लिहिल्यावर हात दुखतो का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या आईला ठाऊक नसेल. ते त्यालाच विचारायला हवे.